वरून दोन ठोके

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा दोन ठोके! म्हणजे नाही. वर अंथरुणात पडून यांनी काठीने जमीन ठोकायची, खाली आमच्या रेकॉर्ड ऐकवायच्या कॉफीच्या दुकानात मी काय ते समजायचं: आवाज पसंत की नापसंत. एक ठोका म्हणजे हो — तो अजून ऐकलेला नाही. अर्धांगवायूने यांचं बोलणं नेलं, हेका मात्र ठेवला.

जुना प्रीअॅम्प, म्हणजे रेकॉर्डचा बारीक आवाज पॉवर अॅम्पकडे पाठवणारी बटणांची पेटी, उन्हाळ्यात जळला. काचेच्या व्हॉल्व्हचे दोन्ही पॉवर अॅम्प ठणठणीत आहेत, वयाने यांच्याहून मोठे. पण त्यांच्याशी कोणताच प्रीअॅम्प जमवून घेत नाही. खाष्ट सासूला सून शोधावी तसं चाललंय.

१५ ऑक्टोबर

लेकीचा, चिगुसाचा सेंदाईहून फोन. "आई, खालची खोली रिकामी करून ठेवलीय. येताय कधी?"

यांना विचारलं. मोठ्या कष्टाने दोन शब्द — "आवाज... जुळल्यावर." दुकान पुढे आमचं जुनं गिऱ्हाईक, दातांचे हिरानुमा डॉक्टर चालवणार, पण बेसूर दुकान त्यांच्या हाती द्यायचं नाही म्हणे! मग मी काय करू? जिना, भांडं, काठी, परत जिना. जीव गुदमरतो माझा.

१९ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरांनी घरचा ट्रान्झिस्टरचा प्रीअॅम्प आणला. बटण जरा फिरवलं की स्पीकरचे भोंगे अंगावर येतात! "जोर जास्त आहे याला, वहिनी. म्हाताऱ्या अॅम्पना एवढं भरवू नये."

"तुम्ही आपले दातच काढायचे होते," मी म्हटलं.

हे सगळं कुजबुजत. आमच्याकडे रेकॉर्ड चालू असताना बोलायची बंदी. दुकान बंद, गिऱ्हाईक नाही, तरी दोघं चोरासारखे कुजबुजतोय! दोन ठोके.

२४ ऑक्टोबर

आजचा व्हॉल्व्हचा. वाजण्यापेक्षा घुमतोच जास्त. दोन ठोके. हे मुद्दाम करतात! मला इथेच डांबून ठेवायचंय. रागाने मिसोचं सूप अळणी दिलं. तरी सगळं प्यायले.

२९ ऑक्टोबर

काही नाही. जिना.

२ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर रेडिओ केंद्रातून निघालेला एक जुना प्रीअॅम्प ठेवून गेले. नातवाचा वाढदिवस होता, थांबले नाहीत. हे वर औषधाने गाढ झोपलेले. मग मीच तारा जोडल्या.

आवाजाचं बटण फक्त मास्टरने, म्हणजे यांनी फिरवायचं, हा इथला नियम. आजारपणापासून डॉक्टर फिरवतात. लग्न झाल्यापासून मी कॉफी दिली, कप विसळले. आज डॉक्टरही नव्हते. फिरवलं! निम्म्यापर्यंत निवांत फिरलं. बासचा खर्ज आधी तळपायांना कळला, मग कानांना. ड्रमवर ब्रश घासला तर वाटलं, माणूस इथे शेजारीच बसलाय. मी खुर्ची ओढून मधोमध बसले — गिऱ्हाइकाच्या जागी, पहिल्यांदाच. मग रेकॉर्डची दुसरी बाजू लावली. मग दुसरी रेकॉर्ड, मला आवडणारी. यांना ती कधीच आवडली नाही.

भात करपला. करपू दे.

३ नोव्हेंबर

सकाळी यांना ऐकवलं. एकच ठोका!

धावत वर गेले. यांचे डोळे भरून आलेले. "जाऊ... सेंदाईला," म्हणाले. मी त्यांचं तोंड पुसलं.

दुपारी डॉक्टरांचा फोन. "काय वहिनी, काय म्हणाले मास्टर?"

"दोन ठोके," मी सांगितलं. "अजून एखादा शोधा. आणि तोवर हा राहू दे इथेच."