घरच्यांचे फोटो

रविवार, ता. ८, सकाळ

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या स्टुडिओचं काम जोरात असेल. फोन सोडून हे पत्र कशाला, असं वाटेल तुला. अगं, मी फोनवर बोललो की शेजाऱ्यांनाही ऐकू जातं, आणि तुझी आई तर पलीकडच्याच खोलीत असते.

दुकान चाललंय. परवा एक बाई मुलीला चष्मा करायला घेऊन आल्या होत्या. मुलीचं सगळं लक्ष भिंतीवर. तू अकरावीत असताना माझ्या फ्रेम्सचे काढलेले फोटो अजून तिथेच आहेत. "हे कुणी काढले?" म्हणाली. "आमच्या मुलीने. मोठी फोटोग्राफर आहे आता." ‘मोठी’ तोंडातून निसटलं, लगेच चढून जाऊ नकोस.

त्या फोटोंपायी केवढा गोंधळ घातला होतास! प्रत्येक काचेत तूच दिसायचीस, डोळ्याला कॅमेरा लावलेली. म्हणून घरातल्या सगळ्या पांढऱ्या चादरी आणून दुकानात टांगल्यास आणि त्यांच्याआडून फोटो काढलेस. दुकान धुवायला काढलंय असं समजून गिऱ्हाइकं दारातूनच परत जात होती. मी खूप ओरडलो. पण फोटो भिंतीवर लागले आणि बूटवाल्याने तुला बोलावलं, मग भांडीवाल्याने. तिथून तुझी हौस हाताबाहेर गेली. मग त्या फोटोग्राफरबाईंकडे दिव्यांचे स्टँड उचलायला गेलीस, कितीतरी वर्षं तेच केलंस, आणि आता लोक तुझी तारीख मिळायला थांबतात. मान्य. तरी माझं म्हणणं बदललेलं नाही. कॅमेऱ्यातही भिंगच आणि चष्म्यातही भिंगच, मग आपल्या दुकानात बसायला काय झालं होतं? असो.

तुझा तो नियमही मला माहीत आहे. घरच्यांचे फोटो काढायचे नाहीत. चुलतभावाच्या लग्नात काकूची हनुवटी जशी आहे तशी आली आणि ती अजून आपल्याशी धड बोलत नाही. तेव्हा तू म्हणाली होतीस, "बाबा, परक्या माणसाचा चेहरा मी बघते. आपल्या माणसाचा नुसता ओळखते." मला वाटलं, काम टाळायला काहीतरी सांगतेय. आता पटलं.

त्याचं असं झालं. तुझ्या आईचा चष्मा गेले काही महिने सारखा तिरका बसत होता. मी डावी काडी वाकवली. पुन्हा तिरका. पुन्हा वाकवली. स्क्रू बदलला, मग फ्रेमच बदलली आणि फ्रेम बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या. जन्मभर हाच धंदा केला, तेव्हा दोष फ्रेममध्येच असणार ना! शेवटी तीच म्हणाली, "अहो, फ्रेम राहू द्या. माझ्या कानाखाली जरा हात लावून बघा."

गाठ आहे. वर ‘सर्व ठीक’ लिहून गेलो ते हाताच्या सवयीने.

तपासण्या झाल्या. गाठ काढली की जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारून वैताग आणलाय. पण चेहऱ्याची नस त्या गाठीतूनच जाते. तीही कापावी लागणार. मग तोंडाची डावी बाजू हलणार नाही. ऑपरेशन वीस तारखेला आहे.

तुला कळवायचं नाही अशी आईची मला सक्त ताकीद आहे. "तिची कामं ठरलेली असतात. झाल्यावर सांगू." मी काल तिला कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे नेलं. पासपोर्टला लागेल, अशी थाप मारली. आम्ही कुठे जाणार आहोत, देव जाणे. त्याने हनुवटी वर, खांदे सरळ, नजर इकडे, असं सगळं करून फोटो हातात ठेवला. तिने बघितला आणि म्हणाली, "ही कोण बाई?" बाहेर आल्यावर म्हणाली, "तुम्हाला फोटो कशाला हवाय ते कळतं हो मला. पण भिंगरी घरच्यांचे काढत नाही. तिला गळ घालू नका."

तर मी गळ घालतोय. वीस तारखेच्या आत ये. मोड तो नियम. तुझी कामं पुढे ढकल. कॅमेरा आण, आणि आईला खुर्चीवर वगैरे बसवू नकोस. ती स्वयंपाकघरात असताना तिच्याशी काहीतरी बडबड कर आणि तिला हसव. तिचं हसू डाव्या बाजूने सुरू होतं, उजवी बाजू मागून येते. तेवढं मला हवंय.

मी आठवडाभर प्रयत्न करतोय. माझ्या विनोदांना ती हसते, पण मला बरं वाटावं म्हणून हसते. ते हसू नको.

तुझा, फार घाबरलेला,
बाबा