ऊन लागत नाही

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस! वाशीमहून निघताना आई रडली, बाबांनी मात्र अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत अमेरिकेतल्या दवाखान्यांमधून डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो येतात. त्यातला बिघाड शोधून खूण करायची, एवढंच काम. फोटो स्पष्ट दिसावेत म्हणून हॉल अंधारा ठेवतात. काचांना काळा कागद चिकटवलाय. शेजारची द्वारका यवतमाळची. पहिल्याच दिवशी तिने तिच्या डब्यातली जवसाची चटणी मला वाढली.

राहायला कोथरूडला श्यामसुंदर काकांकडे वरची खोली भाड्याने मिळाली. काका निवृत्त शिक्षक, दोन्ही डोळ्यांनी आंधळे, एकटेच असतात. मी दार उघडं टाकून वर गेले तर खालून आवाज आला, "वाशीमला दारांना कड्या नसतात वाटतं?"

१९ नोव्हेंबर, रविवार

काका सकाळी गॅलरीत उन्हाला बसतात आणि ऊन सरकलं की खुर्ची सरकवतात. कसं कळतं, विचारलं. म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्यात काही पेशी बघायचं काम करतच नाहीत. उजाडलं, एवढीच वर्दी मेंदूला देतात. माणसाची झोप, भूक, मन सगळं त्या वर्दीवर चालतं. काकांच्या त्या पेशी शाबूत आहेत. मग म्हणाले, मला दिसत नाही तरी उजाडलेलं कळतं, तुला दिसतं आणि तू दहापर्यंत लोळतेस. खूप हसले मी.

८ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी सहाची बस, तेव्हा अंधार. संध्याकाळी कामावरून सुटते तेव्हाही अंधार. जेवणसुद्धा आतच. झोप लागत नाही, लागली की सुटत नाही. आईचा फोन आला, तो दोन मिनिटांत ठेवून दिला.

द्वारका आठ दिवस आली नाही. आमच्या आमोद सरांनी सांगितलं, तिने नोकरी सोडली. तिच्या आधीही दोघींनी अशीच सोडली म्हणे. बल्ब बदलल्यासारखं सांगितलं. मीही पुढे काही विचारलं नाही. तिची चटणी खाल्ली होती मी.

१७ डिसेंबर, रविवार

जिन्यावर तुझे पाय जड पडतात, असं म्हणून काकांनी मला गॅलरीत नेऊन बसवलं. दहा वाजले होते. दोरीवरचे कपडे, समोरच्यांची स्कूटर, सगळं लख्ख दिसत होतं. पण आत उजाडेना. जणू कुणीतरी उन्हाचा फोटो दाखवत होतं. लागतंय का ऊन, काकांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

"खोटं बोलू नकोस. उद्या रजा टाक, डॉक्टरांकडे जाऊ. आंधळ्याला रस्ता ओलांडून दे, तेवढी तरी उपयोगी पड."

१८ डिसेंबर

काका काठी घेऊन दारात तयार होते. मी श्वास रोखून त्यांच्या बाजूने निसटले, बस पकडली. त्यांनी मान वळवली होती. कळलं होतं त्यांना. हाक नाही मारली.

२७ डिसेंबर

आता उजेड खुपतो. ऑफिसातला काळा कागद आणून खिडकीला लावला. काका दारापर्यंत चढून आले. खिडकीचं काय केलंस, म्हणाले. सकाळी तुझ्या खोलीतून जिन्यावर उजेड यायचा, तो आज नाही.

मी दार उघडलं नाही.

२ जानेवारी २००७

द्वारकाचा फोन. आवाज अगदी बारीक. कंपनीमागच्या हॉस्टेलवरच आहे. एकटी नाही म्हणाली. ये म्हणाली — इथे बरं वाटतं —

४ जानेवारी

दुपार असावी. द्वारकाच्या खोलीत बसून लिहितेय. खिडकीवर गादी ठोकलीय. भिंतीशी आणखी दोघी. द्वारका म्हणाली, त्याच, आधी सोडून गेलेल्या. डोळे सताड उघडे, नुसती काळी बुबुळं. ताटातलं अन्न वाळून गेलंय, कुणी शिवलेलं नाही. एकीने सरकून मला जागा दिली.

इतक्या अंधारात मला ही अक्षरं कशी दिसतायत —

दाराखालून उन्हाची एक रेघ आत आलीय. तिघीही तिच्याकडे बघतायत. द्वारका म्हणाली, "उत्कर्षा, तू दाराजवळ आहेस. टॉवेल लाव."

फोन वाजतोय. काकाच. मघापासून सातव्यांदा. उचलायला हवा — उचलते — पण हात आधी टॉवेलकडे —