ऑइल भरपूर, तरी दिवा लाल

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. परवाच्या सोमवारी भर रस्त्यात मी खरोखर आठही अंगं जमिनीला टेकवली. गाडीखाली डोकावायला टेकवली होती, पण तुझी आठवण झालीच, तेव्हा त्यातला निम्मा नमस्कार तुझा.) गुडघे कसे आहेत? जिना चढतेस का? इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहितो.

तर सोमवारी मी बाबांची गाडी घेऊन बाहेर पडलो. बाबांची गाडी म्हणजे काय चीज आहे ते तुला सांगायला नको. चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवून घरी बसलेल्या तुझ्या धाकट्या भावाकडे आता शिकायला कोणी येत नाही, आई गेल्यापासून भांडायलाही कोणी नाही. रोज सकाळी आमच्या भिंगरीला (वय सात, एका जागी उभी म्हणून राहत नाही) शाळेत सोडणं हे एकच काम त्यांच्याकडे उरलंय. तेवढ्यासाठी ते पहाटे उठून दाढी करतात. गाडी बंद पडली तर बाबाही बंद पडतील, ही माझी जुनी भीती आहे. (माझ्या भीत्या तू लहानपणी बोटांवर मोजायचीस. मी अजून लिफ्ट तपासायच्याच नोकरीत आहे, आणि स्वतः अजून जिन्यानेच जातो.)

पुलावरून उतरताना समोर लाल दिवा लागला. किटलीच्या तोटीतून थेंब गळतोय असं चित्र असलेला, ऑइल प्रेशरचा. बाबांनी मला गिअरच्या आधी हा दिवा शिकवला होता. तो लागला की विचार करायचा नाही, इंजिन बंद करायचं, कारण ऑइल न मिळालेलं इंजिन बघता बघता स्वतःलाच खाऊन टाकतं. मी इतका आज्ञाधारक की मधल्या लेनमध्येच बंद केलं. मागच्या गाडीवाल्यांनी आपल्या घराण्याबद्दल (म्हणजे ओघाने तुझ्याबद्दलही) बरंच काही ऐकवलं आणि शेवटी त्यांच्यातल्याच दोघांनी गाडी कडेला ढकलून दिली. मग तो साष्टांग. खाली सगळं कोरडं, गळती कुठेच नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो, ऑइल मोजायची डिपस्टिक काढून रुमालाने पुसली, पुन्हा बुडवली. ऑइल कमी असेल असं वाटलं होतं, तर ते वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर. मला वाटलं मी पट्टी उलटी धरलीय. (ती उलटी धरताच येत नाही.) पाच वेळा पुसून पाहिली, आणि मधूनमधून त्याच रुमालाने कपाळ पुसलं. त्यामुळे फोन करून बोलावलेला गॅरेजवाला आला तेव्हा त्याने आधी मला तपासलं, मग इंजिनाला. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, बाबांना विचारा. तेवढं सोडून काहीही सांग, म्हटलं.

गॅरेजवाला अबोल निघाला. गाडी ओढून नेल्यावर त्याने दिव्याचा सेन्सर काढला आणि त्या जागी काट्याचं मीटर बसवलं. दिवा खोटं बोलतोय की खरं, हे त्यावरून कळतं म्हणे. दिवाच खोटारडा निघू दे, असा मी मनात धावा करत होतो. इंजिन सुरू झालं, काटा जरा वर गेला, थरथरला आणि खाली बसला. दिवा प्रामाणिक होता. आता बाबांना काय तोंड दाखवायचं, एवढंच मला सुचत होतं. इतक्यात त्याने डिपस्टिक उजेडात धरली. पट्टीवर साबणाच्या पाण्यासारखा फेस. ऑइल कोण घालतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कोणीच नाही. त्याने खालचा बोल्ट उघडला आणि जवळजवळ दोन लिटर जादा ऑइल बाहेर काढून दाखवलं. झालं होतं असं की ऑइल इतकं वर चढलं होतं की इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा, क्रँक, ते घुसळून त्याचा फेस करत होता. पंपाच्या तोंडी ऑइलऐवजी हवा येत होती आणि प्रेशर बसत होतं. मग नवीन फिल्टर, नवीन ऑइल, बरोबर खुणेपर्यंत. काटा ताठ उभा राहिला, दिवा विझला. वाचलं, एवढंच तो बोलला, आणि मी त्याला मिठी मारता मारता राहिलो.

तर इंजिन सुखरूप आहे. बाबांना सर्व्हिसिंग केलं असं सांगितलंय. तू मुळीच काळजी करू नकोस, घाबरायचं खातं माझ्याकडे आहे. गुडघ्यांना जप.

तुझा भित्रा भाचा

ता. क. ते दोन लिटर कोणी घातले हे लिहायचं राहिलं. मंगळवारी सकाळी दात घासता घासता खिडकीतून पाहिलं. बाबांनी डिपस्टिक काढली, पुसली, बुडवली, नाकाजवळ नेली, उजेडाकडे तिरकी केली, अंगठ्याने चाचपली. नवीन ऑइल पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते त्यांना दिसलंच नाही. त्यांनी डबा उचलून थोडं ओतलं. रोज थोडं ओतत असणार. दहा पावलांवरून टायरमधली हवा ओळखणारा माणूस, आत्या. मग त्यांनी भिंगरीला बसवलं आणि मी तोंडातला फेस पुसून खाली पोचेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली होती.

आणखी एक ता. क. संध्याकाळी भिंगरीला सहज विचारलं, गाडीतला लाल दिवा कधी पाहिलास का? म्हणाली, "तो ना, खूप दिवस लागतोय. पण आजोबांनी मला फक्त सिग्नलचे सांगायला सांगितलंय. आमचा खेळ आहे. मी लाल म्हटलं की ते थांबतात." त्या रात्री मला झोप आली नाही, आणि बायकोला मी अजून हे सांगितलेलं नाही.

तिसरा ता. क. (खरं पत्र इथून आहे.) बुधवारपासून मी बॅटरीची वायर सैल करून ठेवतो. भिंगरी बसने जाते. बाबा दाढी करून येतात, बॉनेट उघडतात आणि तासभर शोधतात. वायर त्यांच्या हाताखालीच असते. मला ते बघवत नाही आणि सांगायचं धाडसही होत नाही. ते कुणाला भीत असतील तर फक्त तुला. तू ये. माझेच डोळे दाखवायचेत, सोबत चल, असं म्हण, म्हणजे डॉक्टरकडे येतील. रिक्षाने जा.

शेवटचा. पाकीट आणायला आत गेलो तेवढ्यात पत्र बाबांच्या हाती लागलं. त्यांनी सगळी पानं सावकाश उलटली. कोणाला, म्हणाले. आत्याला, म्हटलं. "बरं केलंस. अक्षर हल्ली चांगलं वळणदार झालंय तुझं." असं म्हणून पानं नीट जुळवून त्यांनी माझ्या हातात दिली. आत्या, या चार ओळी सोडल्या तर सगळं पत्र मी ऑफिसातल्या मशीनवर छापून आणलेलं आहे.