सिलेंडर चालू ठेवून झोपतो

बाबा,

“त्या लोकांत सोयरीक?” असं म्हणून काकांनी वरणाची वाटी माझ्यापुढे सरकवली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. आवाज त्यांनी चढवलाच नाही. मी चढवला. तुम्ही गेल्यावर मला दत्तक घेऊन अमेरिकेत ट्रॉयला आणलं, वाढवलं, ते हेच काका. तरी मी भरल्या ताटावरून उठलो, त्यांच्या जिवावर चाललेलं कॉलेज मध्येच सोडलं आणि ॲन आर्बरला आलो, कारण जिच्याशी मला लग्न करायचंय ती इथे आहे. नागपूरची आहे, बौद्ध आहे, युनिव्हर्सिटीत मातीवर रिसर्च करते. मी टायरच्या दुकानात कामाला आहे आणि दुकानामागे मालकाचा जुना कॅम्पर उभा आहे, त्यात राहतो. कॅम्पर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. पलंगावर बसून ओट्यावरचं दूध उतरवता येतं, एवढी.

थंडीचं सांगतो. बाहेर, गाडीला जोडायच्या दांड्यावर, प्रोपेन गॅसचा सिलेंडर असतो आणि त्यावर आतला हीटर चालतो. पहिल्याच कडाक्याच्या थंडीत मी झोपण्याआधी बाहेर जाऊन सिलेंडर बंद करून आलो. नाशिकला तुम्ही रोज अंथरुणातून विचारायचात ना, “रेग्युलेटर बंद केला का रे?” हात आपोआप गेला. सकाळी उठतो तर हीटरचा पंखा थंड हवा फेकून फेकून गप्प झालेला आणि तांब्यातल्या पाण्याचा दगड. तिला फोनवर सांगितलं तर ती हसता हसता खोकायलाच लागली. “का बे, सिलेंडर बंद करून हीटर लावतोस? मग गरम काय होणार, तुझं डोकं?” मी म्हटलं, आमच्याकडे बंद करूनच झोपतात. “आमच्याकडे पण करतात. आई दोनदा उठून बघते. पण नागपुरात कोणी हीटर लावून झोपत नाही, यार!”

त्याच संध्याकाळी ती बसने आली आणि कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे हीटरचा विषारी वायू साठला की कोकलणारा, अलार्म माझ्या हातात ठेवला. तिने दिलेली पहिली भेट. मी म्हटलं, मुली गुलाब वगैरे देतात. “गुलाब तू मेल्यावर आणीन. आधी हे भिंतीला लाव. आणि ती खिडकी बोटभर उघडी ठेवत जा.” बाबा, इतकं प्रेमाचं मला आजवर कोणी काही बोललेलं नाही. आता सिलेंडर चालू ठेवून झोपतो. हीटर मध्येच धडधडून पेटतो, खिडकीतून गार हवेची रेघ मानेवर येते, आणि तरी मला काकांच्या उबदार बेसमेंटपेक्षा इथे गाढ झोप लागते. हट्ट म्हणा. आहेच.

गेल्या शनिवारी काका आले. काकूने दिलेला पोळीभाजीचा डबा हातात, बूट बर्फाने भरलेले, आणि आत यायला मान वाकवावी लागली म्हणून आधीच चिडलेले.

“हे काय घर आहे? थंडीत मरशील रे. चल.”

“तिला घेऊन येऊ?”

“विषय बदलू नकोस.”

“विषय तोच आहे, काका.”

ते थोडा वेळ हीटरपुढे हात शेकत राहिले. मग म्हणाले, “दादा असता तर तंगडं मोडलं असतं तुझं.” डबा ठेवून गेले.

म्हणून हे लिहितोय. तुम्हाला असं काठीसारखं वापरलेलं मला चालणार नाही. पण काका गेल्यावर मी सिलेंडर बदलला, जोडावर साबणाचा फेस लावला, बुडबुडा येतो का बघत उकिडवा बसलो, आणि आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही दाढीच्या जुन्या ब्रशने फेस लावताय. मी काडी ओढू का विचारतो, तुम्ही टपली मारता, “अक्कल गहाण टाकलीस का?” तेवढ्यात तुमच्या ऑफिसातले ते काका येतात, मला नेहमी पेन्सिली देणारे. तुम्ही त्यांच्याशी पोट धरून हसता, चहा करता. ते गेल्यावर त्यांचा कप तुम्ही स्वतः धुता आणि बाकीच्या कपांत न ठेवता खिडकीत पालथा घालता. मी विचारलं, तिथे का? तुम्ही म्हणालात, “मोठा झालास की कळेल.”

मोठा झालो, बाबा. कळलं. आणि मला ते मान्य नाही. तुमचं असलं तरी नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून तर मुळीच नाही.

आज दुपारी तिच्याकडे जेवायला जायचंय. तिची आई नागपूरहून आली आहे. ती म्हणाली, “कॉलेज सोडलंस ते आईला तू स्वतः सांग. माझ्या आडून नको.” ते मी सांगीन. पण आई माझ्या घरच्यांबद्दलही विचारणार. लेकीला मी तुमचं पुष्कळ सांगितलंय, तुमचं हसणं, तुमची टपली. कपाचं नाही सांगितलं. तुम्ही तिला आवडावेत असं मला वाटतं, म्हणून. पण तुम्हाला लपवून तिच्या आईच्या ताटावर बसणार नाही. आज तेही सांगणार आहे. मग त्या दोघींनी मला वाढायचं की उठवायचं, ते त्यांनी ठरवावं.

पत्र टेबलावरच राहू दे. बसची वेळ झाली. जॅकेट चढवलंय, दार ओढून घेतो.