ठकूबाईंचं बोलणं हिंदीत सांगताना

२९ जून २००३, गाझियाबाद

दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन आले! आयुष्यातला पहिला मोर्चा — पंचेचाळिसाव्या वर्षी. अमेरिकेला इराकमध्ये आपली फौज हवी आहे, आणि सरकारचं अजून ठरत नाही; फौज पाठवू नका म्हणून हा मोर्चा. खालच्या मजल्यावरच्या ठकूबाईंचा मुलगा विश्वजित फौजेत सुभेदार आहे. त्याचीच पलटण जाणार अशी कुजबुज आहे. बाई साताऱ्याकडच्या, हिंदीचा गंध नाही. "अरुणाबाई, मला तिथं घिऊन चला." गेलो — त्या, मी आणि आमची लेक निधी. दोन तास उन्हात. सत्तरीची बाई, एकदा म्हणून सावली मागितली नाही!

१ जुलै

हे चिडलेत. "मी सरकारी नोकर आहे, यार. जरा भान ठेव." ठेवते म्हटलं.

६ जुलै, रविवार

संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये इराकला फौज पाठवावी का, यावर सभा होती. हे शेजारीच बसलेले. एक रिटायर्ड कर्नलसाहेब बोलले — "देश की इज़्ज़त का सवाल है." टाळ्या. तेवढ्यात ठकूबाई उठल्या, पदर खोचला आणि थेट माइकपाशी! मराठीतच सुरू. लोक हसायला लागले. मग त्यांचं बोलणं हिंदीत सांगायला मी उठले. ह्यांनी हात धरला, मी सोडवून घेतला.

त्या म्हणाल्या, "म्या पोरगा दिला तो आपलं दार राखाया. दुसऱ्याच्या घरात घुसाया न्हाई." हे हिंदीत नीट सांगितलं. पुढे म्हणाल्या, "तिथल्या बाईचं लेकरू मारून आला, तर कंच्या हातानं वाढू मी त्याला?" मी अडखळले. ते वाक्यच गाळलं. नुसतं "उन्हें चिंता है" म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "समदं सांगितलंत न्हवं?"

नाही, म्हटलं. पुन्हा माइक घेतला आणि शब्दन् शब्द सांगितला. कर्नलसाहेब उठले, आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. "बैठिए, माँजी."

घरी येताना जिन्यात हे म्हणाले, "हिंदी छान बोललीस."

काय बाई आहे ही! शाळेची पायरी चढलेली नाही, आणि मी वीस वर्षं मुलांना शिकवतेय.

१४ जुलै

फौज जाणार नाही! टीव्हीवर सांगितलं. धावत खाली गेले. ठकूबाई भाकरी थापत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या, आणि तव्यावरची उलटली. मग पिठाच्या हातांनीच माझा चेहरा धरला. त्यांची सून सुरेखा दारात उभी राहून रडत होती.

१६ जुलै

निधीने आर्मीचा फॉर्म भरलाय. ऑफिसर व्हायचंय. कालच पोस्टात टाकला, आणि आज सांगितलं. म्हणाली, "दार राखायला कुणीतरी हवं ना, आई?"

तिला जाऊ द्यावं का, हे ठकूबाईंना विचारायला खाली उतरले. पण ज्यांनी पोरगा दिला, त्यांना हे कसं विचारू? बेल न वाजवता परत आले.