आम्ही सात देवांचे

बाबा,

तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायचा तर मला आधी तुला कुठेतरी उभं करावं लागतं. बहुतेक वेळा तू धानाच्या शेतात बांधीच्या धुऱ्यावर उभा असतोस, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, आणि पलीकडे सालेकशाकडची गाडी रानात शिरताना शिट्टी देते. तू मान वळवत नाहीस. गाडी आपल्यासाठी नाही, असं तू एकदा म्हणाला होतास. पण त्याच गाडीतून उतरलेली चार माणसं एका उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी झाडाखाली येऊन बसली आणि आपल्या घराचं वळण बदललं. ती गोंडच होती, आपलीच, पण शिकलेली, स्वच्छ कपड्यांतली, गळ्यात जानवं घातलेली. त्यांचं म्हणणं होतं की मोहाची दारू सोडा, देवापुढे कोंबडी कापू नका, पोरींना नाचायला पाठवू नका, म्हणजे लोक आपल्याला जंगली म्हणायचं थांबवतील. बाकीचे अर्ध्यातून उठून गेले. तू शेवटपर्यंत बसलास.

का बसलास, ते मला पुढे आईने सांगितलं. गावाचा मालक असलेल्या मालगुजाराच्या ओसरीवर इतर कास्तकारांना चटई मिळायची आणि तू खाली अंगणात उभा राहायचास. त्याचं तुला फारसं काही वाटत नसे. पण त्याचा कारभारी तुझ्याशी हातवाऱ्यांनी बोलायचा, जणू तुला भाषाच नव्हती. ते मात्र तुला लागायचं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तू घरातल्या सगळ्या कोंबड्या धरून पलीकडच्या टोल्यावर, त्या वस्तीतल्या लोकांना देऊन आलास. संध्याकाळी चुलीवर आंबील ढवळताना तिने गोंडीत विचारलं, आता देवाला काय देशील? तू म्हणालास, नारळ. आई म्हणाली, साजाच्या झाडाखालच्या आपल्या देवाने नारळ कधी पाहिला तरी आहे का? तू हसू लागलास, आणि मग तीही हसली. त्या घरातलं तुम्हा दोघांचं ते हसणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

मग माझं लग्न निघालं. मुलगा आमगावकडच्या एका शाळेत मास्तर होता आणि त्याच्या वडिलांनी आपल्या आधीच सगळं सोडलेलं होतं. ते स्वतःला क्षत्रिय म्हणवून घेत. सोयरीक ठरवायला आले तेव्हा त्यांनी पाणीसुद्धा स्वतःच्या लोट्यातून प्यायलं आणि मग एकेक अट सांगितली. आपल्यात नवरी मुलाच्या गावी जायची आणि लग्न त्याच्या दारात लागायचं. त्यांना ते मुलीच्या दारात हवं होतं, पंडिताच्या हातून, आणि दारू नाही, ढोल नाही, बायांचं नाचणं नाही. तू सगळ्याला हो म्हणत गेलास. मावशा तुझ्यावर रागावल्या आणि आदल्या दिवशी विहिरीवर जमून हळू आवाजात आपली गाणी म्हणून आल्या. तू ती ऐकलीस, हे मला माहीत आहे, कारण तू तेव्हा दोर वळत होतास आणि तुझे हात थांबले होते.

लग्नाच्या दिवशी मांडवात मालगुजारासाठी खाट टाकली होती. सासऱ्यांचं लक्ष सारखं त्या खाटेकडे. अंतरपाट अजून धरलेला नाही, मी मान खाली घालून बसले आहे, तू माझ्या बाजूला लोटा धरून आहेस. पंडिताने मुलाकडचं गोत्र विचारलं. सासऱ्यांनी काश्यप म्हणून सांगितलं. मग तुझ्याकडे वळून मुलीचं विचारलं, तर आपल्यातल्या कोणीतरी मागून तेच सांगितलं. पंडित चांगला माणूस होता. त्याने समजावलं की दोन्हीकडे एकच गोत्र असलं तर लग्न लागत नाही, दुसरं काही असेल तर सांगा. सासरे तुझ्या कानाशी वाकले.

"भारद्वाज सांग. कोण पाहून राहिलं?"

आपल्यात कूळ देवांच्या संख्येने सांगतात, आणि सारख्या देवांच्या घरांत सोयरीक होत नाही. तू पंडिताकडेच पाहत होतास. "आमी सात देवांचे आहोत, महाराज. तेच म्हणा."

"काऊन असा करून राहिला? मालगुजार बसले आहेत."

तू आवाज चढवला नाहीस. तुझी मराठी अडखळत यायची, पण त्या वेळी अडखळली नाही. "दारू सोडली. कोंबड्या सोडल्या. जानवं घातलं. सोडाचं ते सोडलं. पण माझा बाप कोणाचा होता हे खोटं कायले सांगू? पोरगी देऊन राहिलो मी."

आता वरात परत जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात माझ्या समोरून एक आवाज आला, जो मी तोवर ऐकलेला नव्हता. "ते सांगतात तसं म्हणा, महाराज." ते तुझे जावई होते. पंडित संस्कृतात सप्तदेव गोत्र असं काहीतरी जोडून सरळ पुढे गेला. मी चोरून खाटेकडे पाहिलं. मालगुजार पानाला चुना लावत होता. त्याने यातलं काही ऐकलंच नव्हतं.

सासरे त्यानंतर आपल्या दाराशी आले नाहीत. मला मात्र ते कधी टोचून बोलले नाहीत. ह्यांनी मला रांधता रांधता अक्षरं शिकवली, म्हणून आज हे लिहिते आहे. त्या घरात गोंडी बोलत नसत. मी माहेरी आले की बोलायचे, आणि दर खेपेला काही शब्द कमी व्हायचे. तू ओळखायचास आणि मुद्दाम हळू बोलायचास.

तू धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, भर पावसात गेलास. दादाने नव्या रीतीने अग्नी दिला. पण आई अडून बसली, म्हणून मग धुऱ्यापाशी तुझ्या नावाचा दगडही उभा केला, जसा आजोबांचा आहे. त्या दिवशी सासरे चिखल तुडवत पायी आले. लांब उभे राहून पाहत होते. मग त्यांनी वहाणा काढल्या, पुढे आले, दगडावर तांदूळ वाहिले, पाणी सोडलं, आणि गोंडीत बोलू लागले. बराच वेळ बोलले. इतकी वर्षं मी त्यांच्या घरात राहिले, पण ही भाषा त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आईकडे वळून ते शेवटी म्हणाले, "बाई, आमी सहा देवांचे." आईने मान हलवली, जणू हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्यांना बसायला घोंगडं दिलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि आपल्या भाषेत लिहायला मला येत नाही. पण एक सांगायचं राहिलं आहे. पाठवणीच्या वेळी मी रडत होते तेव्हा तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास की आपली रीत सुटली, पोरी, मला माफ कर. बाबा, मी त्यासाठी रडत नव्हते. आपल्या अंगणातला तो मांडव, माझ्याच दारात लागलेलं ते लग्न, मला फार आवडलं होतं.