हंगेरी वेगळा देश आहे

बऱ्हाणपूर, १९३६

२९ जून, सोमवार
हे इतवाऱ्यातल्या वाचनालयातून पेपर घेऊन आले. परवा आपली हॉकीची टीम मुंबईहून बोटीनं बर्लिनला निघाली. यांचा जीव हॉकीत. सहा दिवस म्युनिसिपालटीत कारकुनी, रविवारी मैदान. विचारलं, "बर्लिन कुठं आहे, सांग." मी सातवी पास. सांगता आलं नाही. हसले नाहीत. मामंजींचा जुना अ‍ॅटलास काढून दिला.

४ जुलै
एडन सापडलं. सुएझचा कालवाही. आधी साहेबलोक अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यायचे म्हणे. कालवा झाला, आपल्याकडे येणं सोपं झालं. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं. पोळी करपली. सासूबाई : "नकाशात काय पाहून राहिली? चूल इकडे आहे."

१४ जुलै
मुलींच्या शाळेत जागा निघाली. हेडबाई घरी येऊन सांगून गेल्या, भूगोल शिकवणारी हवी. सासूबाईंनी चहा दिला, उत्तर दिलं नाही. संध्याकाळी यांनी अर्जाचा कागद आणून ठेवला.

२१ जुलै
सरावाच्या सामन्यात जर्मनीनं हरवलं. ४-१. हे नीट जेवले नाहीत.
अर्ज टाकला.

७ ऑगस्ट
हंगेरीवर चार गोल. हंगेरी काही केल्या सापडेना. अ‍ॅटलासात ऑस्ट्रिया-हंगेरी एकच देश, एकाच पिवळ्या रंगात. हे म्हणाले, "मोठ्या लढाईत तुटला तो. आपला अ‍ॅटलास त्याच्या आधीचा." एवढा मोठा देश! मधोमध पेन्सिलीनं रेघ ओढली. अंदाजानंच.

१२ ऑगस्ट
शाळेत तोंडी परीक्षा. तपासनीस बाई मोठ्या कडक. भिंतीवर नकाशा, आपल्या अ‍ॅटलासाचाच थोरला भाऊ.
"व्हिएन्ना कुठल्या देशाची राजधानी?"
"ऑस्ट्रियाची."
"नकाशात काय लिहिलंय ते वाचा."
"नकाशा जुना आहे, बाई. हंगेरी आता वेगळा देश आहे. त्याची राजधानी बुडापेस्ट."
हेडबाई खाली पाहू लागल्या.
"तुम्हाला कसं ठाऊक?"
"हॉकीमुळे." तोंडातून निघून गेलं.
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

१७ ऑगस्ट, सोमवार
फायनलला जर्मनीच. आणि ८-१! हे रस्त्यातूनच ओरडत आले. सासूबाईंनी आपणहून शिरा केला.
मी विचारलं, "जिंकल्यावर तिथं झेंडा कोणता लावतात?"
"सरकारचा." मग शिऱ्याची ताटली उचलत, "दुसरा कोणता लावणार."

२ सप्टेंबर
पत्र आलं. नेमणूक झाली, पण इथं नाही, खकनारला. पंधरा दिवसांत कळवायचं. हे म्हणाले, "रोज जाणं-येणं नाही होणार." खरंच आहे. तिथंच राहावं लागेल.

६ सप्टेंबर, रविवार
हे खेळायला गेले नाहीत. मोटारीनं खकनारला जाऊन आले. न सांगता. शाळा म्हणजे एक खोली, अठरा मुली. "राहायला एक घर पाहिलं. विहीर जवळ आहे."
"आणि तुम्ही?"
"माझी नोकरी इथं."
मी भाजी चिरत बसले.

८ सप्टेंबर
दुपारी सासूबाई म्हणाल्या, "एकटीनं राहायचं नाही." वाटलं, संपलं. मेथी निवडता निवडता पुढं, "मी येते संगती. त्याला खाणावळ आहे."
संध्याकाळी ते यांच्या कानावर घातलं. हे स्टिकला पट्टी गुंडाळत बसले होते. म्हणाले, "आई पण?" मान वर केली नाही. गुंडाळलेली पट्टी सोडली, पुन्हा गुंडाळायला घेतली.
मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. उत्तराला नऊ दिवस आहेत.